दोघांचं टेबल

“किती जण?” काचेच्या दाराशी उभ्या असलेल्या टायवाल्या माणसाने विचारलं.

“दोघंच,” वनमाला म्हणाली. जयवंतने तोंड उघडायच्या आतच म्हणाली.

बोरिवली स्टेशनजवळ हे हॉटेल उघडून वर्ष झालं होतं. जाता-येता तिला ते बाहेरूनच दिसायचं. आत भर दुपारी दिवेलागणीसारखा उजेड होता. एसीने अंगावर काटा आला. टेबलावरच्या ग्लासांत गुलाबी रुमाल पंख्यासारखे खोचले होते. जयवंतने आपला रुमाल काढला आणि त्याचं काय करायचं ते न कळून बाजूला ठेवून दिला.

तो तीन वर्षांनी मस्कतहून आला होता. ब्याऐंशीचा संप लांबत गेला, गिरणीचं काही खरं दिसेना, तेव्हा ओळखीच्या एकाने त्याला तिकडे क्रेनवर लावून दिलं होतं. आता महिन्याची सुट्टी संपत आली होती. परवा परत जायचं होतं. आणि या महिन्याभरात नवराबायको एकदाही एकटी बसली नव्हती. दोन खोल्यांत सासूबाई, दीर, जाऊ, त्यांची मुलं. त्यात जयवंत आला म्हणून गावाहून आलेली आत्या आणि तिचा मुलगा. झोपायला बायका आत, पुरुष बाहेर गॅलरीत.

म्हणून काल जेवताना सगळ्यांसमोर वनमाला म्हणाली, “उद्या आम्ही दोघंच हॉटेलात जेवून येतो.”

सहा वर्षांच्या संसारात ती असं पहिल्यांदाच बोलली होती. जाऊ गालात हसली. सासूबाई हसल्या नाहीत. आज निघताना त्यांनी तिला मोरीपाशी गाठलं आणि हळूच म्हणाल्या, “परवा जायचाय तो. नको ते काढून बसू नकोस.”

जयवंतने मेन्यू शेवटपर्यंत वाचला आणि भराभर सांगून टाकलं. सूप, मंचुरियन, पनीर, नान. सूप आलं, ते दोघांनी मुकाट्याने संपवलं. पलीकडच्या टेबलावर एक जोडपं सारखं बोलत होतं, मधेच हसत होतं. वनमालाला त्यांचा हेवा वाटला. काय बोलायचं ते तिने आठ दिवस मनात जुळवलं होतं. आता पहिला शब्दच बाहेर पडेना.

“काय गो, जेवत नाहीस?”

“जेवतेय.” तिने नानचा तुकडा मोडला. “तिकडून कॅसेट पाठवायचात त्यात किती बोलायचात. इथे आल्यापासून नुसते गप्प.”

जयवंत ओशाळून हसला. “तिकडे वर क्रेनच्या केबिनमध्ये बसून भरायचो ना. एकटाच. समोर माणूस असलं की मला सुचत नाही.” मग प्लेटकडे बघत म्हणाला, “आणि तू तरी काय बोलायचीस? ‘मी बरी आहे, तुम्ही तब्येतीला जपा.’ दर कॅसेटला तेवढंच. तुझं झालं की पुढे नुसती खरखर. मी ती पण ऐकत बसायचो, टेप संपेपर्यंत. वाटायचं, अजून काहीतरी असेल.”

वनमाला त्याच्याकडे बघत राहिली. घरी टेपरेकॉर्डर मधोमध ठेवायचे, भोवती सगळे बसायचे. तिची पाळी शेवटची. ती बोलत असताना सासूबाईंचं बोट बटणावर असायचं.

“होतं,” ती म्हणाली.

“काय?”

वेटर पनीर घेऊन आला. दोघांना वाढून तो वळेपर्यंत ती थांबली.

“तुम्ही गेल्यावर पत्रात कळवलं होतं ना, पोट पडलं म्हणून?”

जयवंतचा हात थांबला.

“पडलं नव्हतं. सातव्या महिन्यात बाळंत झाले मी. मुलगी झाली. अकरा दिवस जगली.” तिला वाटलं होतं तसा तिचा आवाज फुटला नाही. “आई म्हणाल्या, त्याला कळलं तर करार मोडून धावत येईल, आणि येऊन काय करणार? मलाही तेव्हा पटलं. मग घरात कोणी नावच काढीना. मी काढलं तर म्हणायचे, झालं ते झालं, आता पुढचं बघ.”

जयवंतने प्लेट पुढे सरकवली आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले. पलीकडच्या टेबलावरून पुन्हा हसण्याचा आवाज आला. वनमालाने खाली बघितलं. तो चिडेल, असं तिला वाटलं होतं. उठून बाहेर जाईल, घरी जाऊन आईशी भांडेल, हेही वाटलं होतं. आणि सगळ्यांत जास्त भीती वाटली होती ती एकाच गोष्टीची. तोही म्हणेल, झालं ते झालं.

वेटर येऊन आणखी काही हवं का विचारून गेला.

“कशी होती गो?” जयवंतने विचारलं.

तिला नीट ऐकू आलं नाही. “काय?”

“दिसायला. कशी होती दिसायला?”

वनमालाने मान वर केली. तीन वर्षांत हे तिला कोणीच विचारलं नव्हतं.

“सावळी,” ती म्हणाली. “कपाळ अगदी तुमचं. आणि एवढीशी होती, पण बोट धरलं की सोडायची नाही.”