पडद्यामागचा नैवेद्य

"तुमच्या देवाला भूक फार लागते, मादाम," घरात ठेवलेल्या दोन सोल्दांपैकी, फौजी शिपायांपैकी, थोरला म्हणाला, तेव्हा कामिनी नैवेद्याचं ताट घेऊन पडद्याकडे निघाली होती.

पडद्यामागे कोठीची खोली होती आणि कोठीत तिचा भाऊ बलराम. बंदरातल्या संपात तो पुढे होता; सरकारनं संप मोडल्यापासून पोलीस त्याच्या मागावर होते. तो सापडला तर त्याला तुरुंग, आणि नवऱ्याची नोकरीही जाणार. गणपतीच्या मखरामागे पडदा लावायचा, सोवळ्याशिवाय पलीकडे कुणी जायचं नाही, ही युक्ती तिचीच. त्यापायी दीड दिवसाचा गणपती यंदा अकरा दिवस बसला होता.

पण तिसऱ्याच दिवशी हे दोन खाकीवाले दारात उभे राहिले. आणीबाणी आहे, बो बासें गावात घरोघरी शिपाई ठेवायचे आहेत, असा कागद त्यांनी पुढे केला. तिचा नवरा देवराज सरकारी कारकून. गोल शिक्का दिसला की तो उठून उभा राहतो. मजकूर वाचायचं धाडस करत नाही. त्यानं दोघांना बैठकीची खोली दिली, वर स्वतःची उशीही.

तेव्हापासून कामिनी त्यांच्यावर नजर ठेवून होती. दोघं दिवसभर घरातच. त्यांनी खिडक्या बंद करायला लावल्या. ती समजली, आपण बाहेर कुणाला खूण करू नये म्हणून. आपसांत कुजबुजत, ती समजली, आपल्याबद्दलच. चादरीत गुंडाळलेल्या बंदुका कोपऱ्यात उभ्या होत्या, तिकडे ती फिरकतही नसे. एरवी माणसं साधी. धाकट्याला त्याचे बूट चावत. थोरल्यानं एकदा तांदळाची गोण न सांगता, एका झटक्यात खांद्यावर घेऊन आत आणून दिली होती. आता त्यालाच संशय आलेला.

"उंदराचंही त्यातच आलं ना," ती कशीबशी म्हणाली.

त्यानं मान हलवली. "पडदा कधी काढणार?"

"आज. विसर्जन आहे."

मिरवणुकीच्या गर्दीत बलरामला बाहेर काढायचं तिनं ठरवलं होतं. पण देवराजनं कायद्याला धरून परवानगी मागितली आणि बंदोबस्ताला फौजेची जीप मिळाली. म्हणजे घरात दोन आणि दारात आणखी चार.

चार वाजता जीप फाटकाशी थांबली. पायऱ्यांवर बूट वाजले. देवराज हात जोडून दाराकडे धावला. कामिनीनं देवापुढे डोळे मिटून घेतले. संपलं सगळं.

डोळे उघडले तेव्हा दोघं सोल्दा तिच्यासमोर होते, घामानं निथळत. थोरल्यानं ओठांवर बोट ठेवलं, घाईघाईनं बूट काढून हातात घेतले, गणपतीला नमस्कार केला आणि धाकट्याला ओढत तो पडद्याआड शिरला.

कामिनी पडद्याला कान लावून उभी राहिली. आतून बलरामचा दबका आवाज आला.

"नंदलाल? या वर्दीत? अरे कामराद, संपवाल्यांत तुला तर माझ्याहून जास्त शोधतायत."