देव पाण्यात

"पाचच्या आत होकार कळवला नाही, तर इचलकरंजीच्या टेक्स्टाइल कॉलेजातली जागाही जाईल आणि मार्कांवर मिळालेली निम्म्या फीची सवलतही," माझा मुलगा म्हणाला. नातीच्या प्रवेशाची, पुण्याच्या सरकारी कॉलेजची यादी दुसऱ्यांदा पुढे ढकलली होती. घड्याळात साडेचार वाजून गेले होते.

"यादी उद्या लागेल. मी देव उगाच पाण्यात ठेवलेले नाहीत," सून म्हणाली. सोमवारपासून आमचा गणपती पितळी पातेल्यात बुडून बसला होता. पुण्यात कॉम्प्युटरला प्रवेश मिळेपर्यंत तो बाहेर येणार नव्हता.

"देवाला सर्दी होईल, पण यादी लागायची नाही," मुलगा म्हणाला.

"तुम्हाला सगळी थट्टाच वाटते."

नात भिंतीला टेकून दोघांकडे आळीपाळीने बघत होती. मला एकोणसत्तर साल आठवलं. कॉलेजच्या खिडकीशी वडिलांनी परस्पर 'आर्ट्स' सांगून टाकलं, तेव्हा मीही अशीच मागे उभी होते, त्यांची छत्री सांभाळत. मला सायन्स हवं होतं.

"तुला कुठं जायचंय गं?" मी नातीला विचारलं.

"इचलकरंजीला. मला कापडाचंच शिकायचंय, आजी." मग ती आईकडे वळली. "देव पाण्यात ठेवताना तू माझं नाव घेतलंस, पण मला विचारलं नाहीस."

सुनेने उठून नवऱ्याच्या हातातला मोबाइल घेतला आणि लेकीपुढे धरला.

"तूच कळव," ती म्हणाली. "माझ्या हातून व्हायचं नाही."