बुवांच्या तांब्यातलं पाणी

या, पुढं सरका. टाळ बाजूला ठेवा आणि घटकाभर कान इकडं द्या. देवादिकांची नाही, देवळाली कॅम्पातल्या दोन वर्षांच्या पोरीची गोष्ट सांगायची आहे. ऐकून उठाल तेव्हा तहान लागलेली असेल.

तर वेदिकानं पाण्याचा पेला भिरकावला, तो थेट पुंजाबांच्या धोतरावर.

"आंबा," ती म्हणाली.

आंबा म्हणजे ज्यूसचं पाकीट. ती सवय लावली पुंजाबांनी, तिच्या आजोबांनीच. तोफखान्याच्या गाड्या चालवून ते निवृत्त झाले होते. मुलगा मनोज लष्करात, लांब राजस्थानात. सून निकिता अंबडच्या कंपनीत. दिवसभर पोरगी आजोबांच्या खांद्यावर, बाजारात फेरी झाली की हातात पाकीट.

निकितानं फरशी पुसली. "अण्णा, डॉक्टरांनी तिचे दात बघितले. पुढचे काळे पडायला लागलेत."

"दुधाचे दात. पडणारच हायेत की."

"पडायच्या आधी किडतायत. सप्ताह संपेपर्यंत पाणी प्यायला लागली तर ठीक. नाहीतर हनुमान जयंती झाली की तिला सटाण्याला ठेवते, माझ्या आईकडे."

पुंजाबांनी ओलं धोतर झटकलं. बायको गेल्यापासून त्या घरात दिवसा आवाज असायचा तो एवढ्या एका पोरीचा. मग ते ताठ झाले.

"सटाण्याची गाडी चुकणार तुझी, सूनबाई. माझी नात पाणी पिणार आणि माझ्याच हातून पिणार. शब्द हाय माझा."

संध्याकाळी मारुतीच्या देवळात कीर्तन होतं. भिमाजी बुवा उभे राहिले की पखवाजवालाही मान डोलावायचा, असा गळा. वेदिका पुंजाबांच्या मांडीवर. बुवांनी अभंग थांबवला, तांब्या उचलला, वरून धार घेतली. पोरगी आ वासून बघत राहिली.

कीर्तन संपल्याबरोबर ती दुडूदुडू गेली आणि दोन्ही हातांनी तांब्या धरला. बुवा हसले. फुलपात्रात ओतून दिलं. तिनं ते संपवून पुन्हा पुढं केलं.

पुंजाबांनी तिची चिकट हनुवटी उपरण्यानं पुसली. लंका जाळून आल्यासारखे ते घरी आले.

"प्यायली. दोन फुलपात्रं. हात नाय धरावा लागला."

निकितानं लेकीला उचललं, गालाचे, ओठांचे मुके घेतले. "कुणाच्या हातचं पाणी?"

"बुवांच्या तांब्यातलं. मोठ्या माणसानं त्याला तोंड लावायचं नसतं, म्हणून मी नाय घेतलं. लेकराला चालतं."

"बरं," निकिता म्हणाली. आणि तिनं ओठांवरून जीभ फिरवली.

हरली, पुंजाबांनी मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून लहानसा तांब्या आणला. दुकानदारानं हाक मारली, "काय पुंजाबा, आज आंबा नको?"

"नको. आणि पोरीला उगाच दाखवू बी नको."

"पाण्यावर ठेवताय व्हय? पोरगी हाय का तुळस?"

"तुळसच हाय. तुझ्यासारखी सुकली नाय अजून."

वेदिकानं घरचा तांब्या ढकलून दिला. पण संध्याकाळी बुवांनी धार घेतली की हिचाही हात पुढं. एकदा घोट घेऊन तिनं फुलपात्रात डोकावलं, तोंड वाकडं केलं. बुवांनी आपला घोट घेतला. मग तिनंही घेतला. हळूहळू घरचा तांब्याही ती बुवांसारखा उंच धरायला लागली. निम्मं झबल्यावर, निम्मं पोटात.

बुवांचा घसा मात्र बसत चालला. लासलगावच्या कांद्याची धूळ आली असेल, कुणी म्हणालं. कुणी म्हणालं, उन्हाळा बाधला. निकिता रोज उशिरा यायची, ओढणी तशीच डोक्याला गुंडाळलेली. कंपनीत काम वाढलंय, म्हणायची. एकदा पुंजाबांनी टोमणा मारला, "सप्ताहात सगळं गाव देवळात आणि आमच्या सूनबाई मशीनपाशी."

"देवाला ठाऊक आहे, अण्णा," एवढंच ती बोलली.

शेवटच्या दिवशी, काल्याच्या कीर्तनाला बुवांचा आवाज उमटेना. ते नुसते हात करत आणि अभंग लोकच म्हणत. शेवटी वेदिका पुढं गेली. बुवांनी ओतलं. तिनं फुलपात्र एका दमात रिकामं केलं आणि डोक्यावर पालथं घातलं. सगळा मांडव हसला.

पुंजाबा उभेच राहिले. बायकांच्या बाजूला बसलेल्या निकिताकडे बघून म्हणाले, "बघितलं का? आता कोण नेतं हिला सटाण्याला?"

"कुणी नाही, अण्णा." तिनं हात जोडले. पुंजाबांना वाटलं, आपल्याला.

गर्दी ओसरल्यावर ते बुवांच्या पाया पडले. "बुवा, तुमच्या तांब्याचा प्रताप. पण गळ्याला काय झालं?"

बुवांनी त्यांना जवळ ओढलं. घोगऱ्या आवाजात एकेक शब्द आला. "खडीसाखरेशिवाय माझा गळा चालत नाही. मूठभर असते तांब्यात. पहिल्या दिवशी तुमच्या नातीनं प्यायलं ते सरबत."

पुंजाबांचा हात तांब्यावर गेला. त्यांनी तळहातावर थेंब घेतला, जिभेला लावला. नुसतं पाणी.

"आज गोड नाय," ते म्हणाले.

"रोज थोडी कमी होत गेली. आज खडासुद्धा नव्हता."

"कमी कुणी केली?"

"तेवढं विचारू नका. वचन घेतलंय माझ्याकडून. अण्णांचा शब्द खरा झाला पाहिजे, असं म्हणाली."

बुवांचं तोंड बांधलेलं; आपलं नाही. तेव्हा मंडळी, तांब्यातून गार घोट घ्याल तेव्हा निकिताची आठवण असू द्या. त्या आठवड्यात कंपनीतून सुटली की ती आधी देवळाच्या मागच्या दारानं जायची, बुवांचा तांब्या भरायला.