तिसरी गिटार

काकांची जुनी गिटार माईकसमोर नुसती कोकलायची आणि उद्याची मैफल तर बैलझुंजीच्या मैदानात होती, म्हणून फर्मिन रेमेदिओसकाकूंना घेऊन सेव्हिलच्या दुकानात नायलॉन तारांची इलेक्ट्रिक गिटार निवडायला आला. काका गेल्यापासून काकूंनी फ्लामेन्कोचा सूर लावला नव्हता. उद्या त्यानंतर पहिल्यांदाच, फर्मिनच्या साथीने गाणार होत्या. “तारा काय, सगळ्यांच्याच गोड. लाकडावर ठोक बघू,” त्या म्हणाल्या. पहिली गिटार भरीव होती, ठोकली तरी गप्पच. “भिंत आहे मेली!” दुसरी वाजली, पण काकू हातपंख्याने वारा घेत बसूनच राहिल्या. काका रंगमंचावरून असंच गिटारच्या लाकडावर बोटाने ठोकून त्यांना बोलवायचे, आणि काकू पडद्यामागे गप्पा छाटत असायच्या. फर्मिनने तिसरी ठोकली. “आले, आले! जरा दम नाही माणसाला,” म्हणत काकू शाल सावरत उठल्या, दोन पावलं चालल्या आणि थबकल्या. “अजून एकदा बोलव मला.”