आत्याच्या पाठीवरचा धपाटा

बारशाला भाचीच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणून कुंदा पाळण्यावर वाकली. मेंदूच्या आवरणांवर पसरलेला तिचा कॅन्सर सूक्ष्म यंत्रांनी खरवडून काढला होता, पण तो कानाच्या आणि चेहऱ्याच्या नसांनाही चिकटला होता.

"यंत्रं एकच वाचवतील, कान किंवा चेहरा," डॉक्टर म्हणाले होते.

"चेहरा. बारशाला ओठ हलायला हवेत."

"कुर्रर्र... शर्वरी!" कुंदा म्हणाली. नाव नीट उमटलं का, ते आता पाठीवरच्या धपाट्यांवरूनच कळणार होतं. धपाटा पडेना. ती वळली. तिच्या दुखण्याला घाबरून बायकांचे हात हवेतच थांबले होते.

"अगं, मारा की!" ती ओरडली.

पाळण्यातली शर्वरी दचकून रडू लागली. कुंदाला ते फक्त दिसलं.