पाचाची फोड

"ताई, तुमचं पाठाचं टाचण जरा बघू द्या ना. नुसतं बघते," नंदिता म्हणाली आणि पर्समधून वही-पेनही काढलं.

रविवारची सकाळ होती. वेस्ट मांबलमच्या फ्लॅटमध्ये सावनीने जेवणाच्या टेबलावर शाळा मांडली होती. चिंचोके, प्लास्टिकचे पाच पेरू आणि मोज्याची शिवलेली एक बाहुली. दोघी मोठ्या शिशुवर्गाला शिकवत, एक 'अ' तुकडीला, एक 'ब' तुकडीला. दोघी वर्षाच्या करारावर. जूनपासून कायम जागा मात्र एकच होती, आणि ती पाठ-निरीक्षणावर ठरणार होती. बुधवारी नंदिता, गुरुवारी सावनी. विषय दोघींना एकच: पाचाची फोड.

"सोपं आहे गं," सावनी म्हणाली. "अंजूकडे तीन पेरू होते. आणखी दोन मिळाले. आता अंजूकडे किती? मुलं मोजतात, सांगतात. मग चार आणि एक. झालं."

"अंजू कोण?"

"ही काय, बाहुली. आमच्या पुतणीचं नाव दिलंय तिला."

नंदिताला अमरावतीहून येऊन चार महिने झाले होते. भाजी ॲपवरून, रिक्षा ॲपवरून, कामवाली हिंदी बोलणारी, वर्गात इंग्रजी. तमिळची गरज तिला अजून पडलीच नव्हती. सावनीची तीन वर्षं झाली होती. टी. नगरच्या दुकानात साडीवरून ती अशी अस्खलित तमिळमध्ये हुज्जत घालायची, की शेवटी दुकानदार स्वतःसाठी पाणी मागवायचा.

"हा कच्चा कागदच घेऊन जा," सावनी म्हणाली. "माझं पक्कं लिहून झालंय."

"असं कोण देतं हो, ताई?"

"अगं, शाळेत आपण दोघीच तर महाराष्ट्रातल्या बाया."

सावनी उपकार मोजत नसे. लक्षात तेवढे ठेवायची.

सोमवारी तिने आपल्या वर्गात तालीम घेतली. गोष्टीतला प्रश्न विचारून झाला असेल-नसेल, पेरू अजून पिशवीतच होते, आणि सव्वीस मुलांनी एका सुरात उत्तर ठोकलं. मग सगळी हसत सुटली. एकही बोट मोजायला वर झालं नव्हतं. सावनीने कपाळावर हात मारला आणि तीही हसली.

घरी येऊन तिने टाचणातल्या एका शब्दावर व्हाइटनर लावला. तो शब्द चार ठिकाणी होता. चारही ठिकाणी लावला, वाळू दिला, वर दुसरा शब्द लिहिला. एका शब्दासाठी कशाला कुणाला फोन करायचा!

मंगळवारी स्टाफरूममध्ये नंदिताने विचारलं, "तालीम कशी झाली, ताई? काही बदलायचं का?"

"काही नाही. आहे तस्सं घे. मुलं फार खूश होतात."

शेवटचं वाक्य तर शंभर टक्के खरं होतं.

बुधवारी निरीक्षक कृष्णकांत सर नंदिताच्या वर्गात शिरले. पाचव्या मिनिटाला तिथून असा गलका उठला, की शेजारच्या वर्गात सावनीच्या हातातला खडू थांबला. मग बाकं सरकल्याचे आवाज. मग पुन्हा हशा.

नंदिता बाहेर आली ती घामाघूम होऊन.

"पाठ कुठला, ताई, बाजार झाला! माझा प्रश्न संपायच्या आधीच ओरडा. नंतर तर पोरं जागेवरून उठून मध्येच येऊन उभी राहिली."

"होतं गं असं," सावनी म्हणाली आणि तिला आपल्या थर्मासमधली फिल्टर कॉफी दिली. साखर नीट ढवळूनसुद्धा दिली.

गुरुवारी सावनीच्या वर्गात सुई पडली असती तरी ऐकू आली असती. मुलांनी पेरू मोजले, चिंचोके मोजले, हात वर करून उत्तरं दिली. कृष्णकांत सरांनी वही मिटली. "व्यवस्थित," म्हणाले.

शुक्रवारी मुख्याध्यापिकांनी दोघींना बोलावलं. विद्यालक्ष्मी मॅडम तंजावरकडच्या मराठी घरातल्या. त्या मराठी बोलू लागल्या की ताम्रपट वाचल्यासारखं वाटे, आणि मध्येच एखादं लाडाचं तमिळ 'मा' टपकत असे.

"बसा मा. जागा नंदितेस."

"मला?" नंदिता उभीच राहिली. "मॅडम, माझा तर नुसता गोंधळ झाला!"

"गोंधळ कैसा? अंजु म्हणजे तमिळीत पाच. तू बाहुलीचेंच नांव पाच ठेवलेंस! अंजूकडे किती म्हणतांच पोरें ओरडलीं, अंजु! मग तू म्हणालीस, ओरडूं नका, मोजून दाखवा. तर पाच पोरेंच उठलीं. तीन इकडे, दोन तिकडे. चार इकडे, एक तिकडे. सर म्हणाले, पोरांच्या भाषेंतून हिशेब शिकवणारी बाई आज पाहिली."

नंदिताचा चेहरा लाल झाला. तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढला.

"मॅडम, मला तमिळ कुठलं येतं? मला वाटलं, पोरं चेष्टा करताहेत. नाव सावनीताईंचं, टाचण त्यांचंच. हे बघा त्यांचं अक्षर. मी हे श्रेय घेणार नाही."

विद्यालक्ष्मी मॅडमनी फाइलमधून सावनीचं गुरुवारचं टाचण काढलं आणि त्या कागदाशेजारी ठेवलं.

"युक्ती तुझी असेल, सावनी मा, तर जागाही तुझी. सरांस मी सांगेन. बोल." आणि त्या ड्रॉवरमध्ये चष्मा शोधू लागल्या.

टेबलावर दोन्ही कागद शेजारी शेजारी होते. ओळीला ओळ तीच. एकावर चार ठिकाणी अंजू. दुसऱ्यावर चार पांढरे ठिपके, आणि त्यांवर मीनू, मीनू, मीनू, मीनू.

चष्म्याचं घर मॅडमच्या हाती लागलं.

"छे हो, मॅडम," सावनी घाईघाईने म्हणाली. "अंजू आमच्या पुतणीचं नाव. तमिळमध्ये पाचाला काय म्हणतात, ते मला आत्ता तुमच्याकडूनच कळलं."