उस्तादची शागीर्द

“पाना धरलायस की लाटणं?” दारातून आवाज आला. “उलटा फिरवतेयस. बोल्ट मोडलास तर तुझ्या बापाला बोलवीन काढायला.”

तिने मुकाट्याने पाना काढला, पुन्हा बसवला आणि दुसऱ्या बाजूने जोर लावला. बोल्ट कुरकुरला, मग सुटला.

पिकअप अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली उभी होती, बॉनेट काढलेली, आ वासून. दारात चाकाच्या खुर्चीवर तिचा नवरा बसला होता. सगळे त्याला उस्ताद म्हणत. वीस वर्षं त्याने लोकांची डिझेल इंजिनं उघडली, बसवली. गेल्या वर्षी डावं अंग लुळं पडलं. आता उजव्या हातापायाने खुर्ची ढकलत तो सकाळी उन्हाला अंगणात येई, एवढंच. जीभ मात्र शाबूत होती.

गाडी ती शिकली ती त्याला दवाखान्यात न्यावं म्हणून. पण शिकली आणि तिला चटकच लागली. स्टिअरिंगवर हात असला की कुणी तिला नावं ठेवत नव्हतं.

दोन आठवड्यांपूर्वी एका सकाळी गाडी सुरू होईना. स्टार्टर फिरे, पण इंजिन काही उचल खाईना. उस्तादने डोळे मिटून चारदा तो आवाज ऐकला.

“पिस्टनच्या रिंगा गेल्या,” तो म्हणाला. “दमच नाही उरला. इंजिन उतरवावं लागेल.”

“मेकॅनिक बोलवू?”

“उस्तादच्या दारात दुसरा मेकॅनिक? लोक शेण घालतील माझ्या तोंडात. तू उतरव. मी सांगतो तसं कर.”

ती लगेच हो म्हणाली. तिलाही घाई होती. शहरापलीकडच्या एका रोपवाटिकेच्या मालकीणबाईंनी तिला कामावर बोलावलं होतं. रोपं गाडीतून दुकानांना पोचवायची, राहायला खोली मिळणार. अट एकच होती, गाडी आपली आपण आणायची आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी हजर व्हायचं. सोमवार चुकला तर दुसरा ड्रायव्हर तयारच होता.

गाडी नवऱ्याच्या नावावर होती, पण किल्ली तिच्या कमरेला. निघाल्यावर वाटेतून ती वन्संना फोन करणार होती. तुमचा भाऊ आता तुम्ही सांभाळा, एवढंच सांगून फोन ठेवणार होती. बारा वर्षं तिने ऐकून घेतलं होतं. आंधळी कोशिंबीर खेळतेस का, अक्कल गहाण टाकलीस का, हातापेक्षा तुझे पाय बरे. आता पुरे झालं.

काम सुरू झालं. तिने बॅटरी सोडली. रेडिएटरचं पाणी बादलीत काढलं, रेडिएटर उचलून भिंतीला टेकवला. डिझेलचा पाइप सोडताना तिने खाली मोठं घमेलं धरलं. चार थेंब गळले आणि थांबले.

“नशीब, फार सांडलं नाही,” ती म्हणाली.

“नशीबच,” उस्ताद म्हणाला.

नवल म्हणजे दिवसागणिक तो मवाळ होत गेला. सायलेन्सरचा पाइप निघाला त्या दिवशी त्याने पहिल्यांदा ‘शाब्बास’ म्हटलं. गिअरबॉक्सचे वरचे बोल्ट तिच्या हाताला लागेनात, तेव्हा अर्धा तास न चिडता सांगत राहिला. “डावीकडे. अजून खाली. घाबरू नकोस, बोटांना दिसतं.” लग्नानंतर इतकं सलग आणि इतकं गोड तो तिच्याशी कधीच बोलला नव्हता.

तिला त्याची कीव आली. बिचारा आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय, आणि वर तो नीट कसा पाडायचा तेही शिकवतोय.

शनिवारी सकाळी शेजारचा सुतार मदतीला आला. शेडच्या लोखंडी तुळईला चेनपुली अडकवली. उस्तादने साखळी कुठून घ्यायची ते तीनदा तपासून घेतलं. मग ती साखळी ओढू लागली. इंजिन आधी जागचं हललं नाही, मग एक धक्का बसला आणि ते वर आलं, काळं, तेलकट, हळूच झुलत. सुताराने खांदा लावून गाडी मागे ढकलली. तिने साखळी सोडत सोडत इंजिन दोन जुन्या टायरांवर अलगद टेकवलं.

“वहिनी, गॅरेजातली चार माणसं जे करतात ते एकटीने केलंत!” सुतार म्हणाला. “उस्ताद, नशीबवान आहात.”

“आहेच,” उस्ताद म्हणाला.

सुतार गेला. तिने हात पुसले. तळव्यांना फोड आले होते, पण तिला हसू आवरत नव्हतं. तिने आजवर एवढं मोठं काही केलं नव्हतं.

“रिंगा कोणत्या आणू ते लिहून द्या,” ती म्हणाली. “आत्ता जाऊन आणते. उद्या रात्रीपर्यंत परत बसेल ना?”

“सोमवारी हजर व्हायचंय म्हणून विचारतेस?”

तिच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

“गाडी बंद पडायच्या आदल्या दिवशी तू न्हाणीघरात होतीस, तेव्हा तुझ्या मालकीणबाईंचा फोन मी घेतला. फार गोड बोलतात.” त्याने उजव्या हाताने खुर्ची जरा पुढे घेतली आणि टायरांवरच्या इंजिनाकडे मायेने पाहिलं. “रिंगा ठणठणीत आहेत. डिझेलच्या टाकीखालचा कॉक मी बंद केला होता, बस्स.”

तिने वाकून टाकीखाली हात घातला. कॉक बंदच होता.

“उतरवायचं शिकवलं तुला,” उस्ताद म्हणाला. “बसवायचं नाही शिकवणार.”